द्रावणातून घडणारे सिरॅमिक

श्रोतेहो, वरण-बट्टीचा बेत आपल्या खानदेशाला नवा नाही. बट्टीच्या कोरड्या पिठात खडेमीठ टाकले, तर एक घास खारट लागेल, दुसरा अळणी. तेच मीठ पाण्यात विरघळवून पीठ मळा. चव घासाघासांत सारखी लागते. सिरॅमिकचे नवे शास्त्र पुष्कळसे ह्याच गोष्टीवर चालते.

सिरॅमिक म्हणजे मडके, कौल, कपबशी ह्यांच्या जातीचा, आगीत पक्का झालेला पदार्थ. पण त्याच जातीतली जस्ताची आणि कथलाची ऑक्साइडे हवेत सुटलेला गॅस ओळखतात! जपानात १९६२ साली हा गुण पुढे आला. आपल्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील संशोधकांनीही अशा पदार्थांवर बरेच काम केले आहे.

हे घडते कसे? तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो व तिथले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. त्यामुळे वीज नेटाने वाहत नाही. स्वयंपाकाचा गॅस आला, की तो ह्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज वाढते आणि घंटा वाजते. नाकाचा भरवसा किती धरावा? गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो खरा. पण झोपलेल्या किंवा पडसे झालेल्या माणसाला तो कळेलच असे नाही. हा गॅस हवेहून जड, म्हणून खाली साचतो. तेव्हा असले यंत्र जमिनीजवळच लावावे.

सारा खेळ पृष्ठाचा असल्यामुळे कण जितका बारीक तितका चांगला. शिवाय हे ऑक्साइड फारसे निवडक नाही. दारूच्या वाफेलाही ते फसते. त्याला वळण लावायला क्रोमियमसारख्या धातूची चिमूट घालतात. कोरड्या भुकट्या खलून ही चिमूट कणाकणाला पोचणे कठीण. द्रावणात ती आपोआप पोचते. म्हणून कधी कथलाच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारतात. पाणी उडून जाते, ऑक्साइडचा पातळ थर उरतो. कधी द्रावणातून साका पाडतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, साका वर्गात सहज दाखवता येईल. चुन्याच्या निवळीत धुण्याच्या सोड्याचे स्वच्छ पाणी ओता. दोन्ही नितळ, पण एकत्र येताच पांढरी गढूळी उठते आणि तळाशी बसते. डोळ्यांना व हातांना मात्र जपावे. चुन्याऐवजी जस्ताच्या क्षाराचे द्रावण घेतले, साका धुऊन वाळवला आणि सुमारे ३०० अंशांवर तापवला, की जस्ताचे ऑक्साइड हाती येते.