तळघरातला रेडॉन

डिसेंबर १९८४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे लिमरिक अणुवीज केंद्रातली किरणोत्साराची घंटा वाजू लागली. केंद्रात तर अजून वीजनिर्मितीही सुरू झालेली नव्हती! किरणोत्सार आला होता त्यांच्या घरातल्या रेडॉन वायूतून.

जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन ना दिसतो, ना त्याला वास. फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून तो तळघरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं कारण तोच. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी आढळले की उपाय करा, असं अमेरिकी सरकार सांगतं.

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. फरशीला भोक पाडून खालच्या खडीत पाइप बसवायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि वाटेत, राहत्या खोल्यांबाहेर, सतत चालणारा पंखा जोडायचा. फरशीखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी होतो आणि वायू परस्पर बाहेर पडतो. पाइपवर रंगीत द्रवाची वाकडी नळी असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर पंखा ओढत नाही असं समजावं.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदीआधी चाचणी करून घ्यावीच. शेजारच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू पडत नाही.