जळगाव-धुळ्यातला हिवाळी पाहुणा: हिरवट वटवट्या ओळखायचा कसा?

हिवाळ्यात कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या पानांत चिमणीपेक्षा लहान, हिरवट रंगाचा पक्षी सतत हलताना दिसतो. फोटो ग्रुपवर टाकला की कुणी त्याला शिंपी म्हणतं, कुणी चष्मेवाला. बऱ्याचदा तो असतो हिरवट वटवट्या, म्हणजेच ग्रीनिश वॉर्बलर.

येतो कुठून?

लांबी साधारण 10 सेंटीमीटर आणि वजन जेमतेम 8 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या एका नाण्याएवढं. हिमालयापासून मध्य आशिया, रशिया ते पूर्व युरोपपर्यंतच्या जंगलांत तो घरटी करतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतात उतरतो आणि एप्रिल संपेपर्यंत परततो. त्यामुळे भर जून महिन्यात खान्देशात असा पक्षी दिसला, तर तो बहुधा दुसराच कुणीतरी असतो.

ओळखीच्या खुणा

- पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं.
- डोळ्यावर लांब, ठळक, फिकट भुवई. डोळ्यातून जाणारी गडद रेघ.
- पंखावर एकच बारीक पांढरी पट्टी. हिवाळा संपत येतो तशी पिसं झिजून ही पट्टी पुसट होते.
- खालची चोच फिकट, पाय तपकिरी.
- आवाज दोन तुकड्यांचा, तीक्ष्ण: 'चि-वी'. पक्षी दिसण्याआधी बहुतेक वेळा हाच ऐकू येतो.

गोंधळ कुणाशी होतो?

शिंप्याचं कपाळ तांबूस असतं आणि शेपटी बरेचदा उभी. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. खरी अडचण इतर पाहुण्या वटवट्यांची. ह्यूम्स वॉर्बलरच्या पंखावर सहसा दोन पट्ट्या असतात. चिफचॅफ तपकिरी दिसतो, त्याचे पाय आणि चोच काळी असते. खडकांवर किंवा खोडावर सरपटल्यासारखा फिरणारा, पिवळ्या भुवईचा आणि पंखावर पट्टी नसलेला पक्षी सल्फर-बेलीड वॉर्बलर असू शकतो.

एक झाड का महत्त्वाचं?

हिरवट वटवट्या पानांवरचे किडे, अळ्या आणि कोळी टिपतो. हिवाळ्यात तो थव्याने राहत नाही. प्रत्येक पक्षी आपल्यापुरता झाडांचा एक पट्टा धरतो आणि आवाज करत दुसऱ्याला तिथून हुसकावतो. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी या संशोधकांनी दक्षिण भारतात या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास केला. पायात रंगीत कडी घातलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी परतल्याचं अशा अभ्यासांतून दिसलं आहे.

सातपुड्याच्या पायथ्याचं यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर अभयारण्य, चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं रान, हे सगळं पानगळीचं जंगल. जानेवारीनंतर साग आणि सलई निष्पर्ण होऊ लागतात. पानांवरच पोट असलेल्या पक्ष्याला तेव्हा नाल्याकाठचे जांभूळ, बांधावरचे आंबे आणि गावातली जुनी झाडं उरतात. उन्हाळ्यात असं झाड तोडताना त्यावर हा पक्षी नसतो, म्हणून नुकसान कुणाच्या नजरेत येत नाही. हजारो किलोमीटर उडून तो ऑक्टोबरमध्ये परततो, तेव्हा त्याची जागा गेलेली असते.

फोटो टाकण्याआधी

भुवई आणि पंख दिसतील असा बाजूने फोटो घ्यावा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा. तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव लिहावं. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा आवाज वाजवू नये. तो ही घुसखोरी समजून खाणं सोडून धावून येतो. खात्री नसेल तर नुसतं 'पर्णवटवट्या' लिहिणं बरं. नोंद ई-बर्डवर टाकली तर ती जपली जाते, आणि त्याच झाडावर पुढच्या वर्षी तो पुन्हा आला का, हेही पडताळता येतं.