हुतात्म्यांच्या भिंतीपुढें

अमृतसरच्या जालियनवाला बागेंत गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपुढें उभे राहून कित्येक जण हंसतमुखानें सेल्फी काढतात, याचा आम्हांस खेद वाटतो. १३ एप्रिल १९१९ रोजीं, वैशाखीच्या दिवशीं, येथें जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर जनरल डायरच्या हुकुमानें सुमारें दहा मिनिटें गोळीबार झाला. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी मोजदादीप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. जीव वांचविण्यासाठीं कित्येकांनीं तेथील विहिरींत उड्या घेतल्या.

छायाचित्रास आमचा विरोध नाहीं. परंतु सेल्फी घेणाऱ्यास त्या भिंतीकडे पाठ फिरवावी लागते, आणि जें पाहण्यास आलों तेंच दृष्टीआड होतें. दोष एकट्या तरुणांचा नव्हे. सहलीस निघतांना वडील माणसें गाडीची वेळ सांगतात, स्थळाची हकीकत सांगत नाहींत. समाचारास गेलें असतां कसें बसावें, कसें बोलावें, हें आपल्या घरांतील मुलें वडिलांचें पाहूनच शिकतात. येथेंही तसेंच व्हावें. निघण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्या दिवसाची हकीकत मुलांस सांगावी, आणि बागेंत पाऊल टाकतांना प्रथम आपला मोबाइल खिशांत ठेवावा.