सराव-मुलाखत : तयारी नेमकी कशाची?

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या लेखी भागात यशस्वी झालेल्या उमेदवारास नवी दिल्लीतील धोलपूर हाऊस येथे मुलाखतीसाठी पाचारण केले जाते. लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५ गुणांवर अंतिम निवड होते. मुलाखतीस किमान गुणांची अट नाही. तथापि थोड्या गुणांच्या फरकाने सेवा बदलते अथवा वर्ष वाया जाते. सराव-मुलाखतींकडे उमेदवारांचा ओढा असणे म्हणूनच स्वाभाविक होय.

आयोगाच्या नियमांनुसार ही ज्ञानाची परीक्षा नव्हे. ते काम लेखी परीक्षेत झालेले असते. मंडळ पाहते ते आकलन, तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल आणि सचोटी. केवळ उत्तरे घोकून घेणारा सराव त्यामुळे अपायकारकच ठरतो.

मंडळासमोर उमेदवाराचा सविस्तर अर्ज असतो व पुष्कळसे प्रश्न त्यातूनच उद्भवतात. डिचोलीचा एखादा उमेदवार घ्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, हे त्यास ठाऊक असणारच. परंतु "आपण तेथे उपजिल्हाधिकारी असता, तर ट्रकमालकांना काय सांगितले असते?" असे विचारताच तो निकालाचा तपशील सांगू लागला, तर त्याने प्रश्न ऐकलाच नाही, असे म्हणावे लागेल. सराव घेणाऱ्याने त्यास तेथेच थांबवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. "मला ठाऊक नाही" हे शब्द न अडखळता उच्चारण्याचाही सराव हवा. सुशिक्षितांस ते फार जड जाते!

सरावासाठी शक्यतो अपरिचित व्यक्ती बसवाव्यात. एखादे निवृत्त मामलेदार वा प्राध्यापक लाभल्यास उत्तमच. असे दोन-तीन सराव पुरेत. अधिक ठिकाणी गेल्यास परस्परविरोधी सूचनाच पदरी पडतात.

मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते. गोवा, बेळगाव वा इंदूर येथील मराठी उमेदवारांनी याचा विचार अवश्य करावा. मात्र अशा मुलाखतीत उत्तर दुभाष्यामार्फत मंडळापर्यंत पोहोचते, आणि सरावात नेमके हेच विसरले जाते. वाक्य लांबले की त्याचा निम्मा आशय वाटेतच गळतो. म्हणी व वाक्प्रचार तर बहुधा पोहोचतच नाहीत. यास्तव सरावातही एखाद्या मित्रास दुभाषी करावे, त्याचे भाषांतर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि आपले म्हणणे त्यात कितपत उरले आहे, हे घरी शांतपणे ऐकावे.