शिकारीची रायफल, तीही स्वस्तात?

भात पोटरीला आलं की कोकणात रानडुकरं शेतात उतरतात, आणि अंधेरी-घाटकोपरच्या चाकरमान्यांत एक प्रश्न फिरू लागतो: कमी पैशांत बरी शिकारीची रायफल कुठली? दुकान, नळी, किंमत यांवर चर्चा रंगते. पण या प्रश्नात किमतीच्या आधी कायदा येतो, आणि तिथेच निम्म्या लोकांचा प्रश्न मिटतो.

‘फी भरून शिकारीचा परवाना मिळतो’ हा समज आजोबांच्या काळातला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते. 1991च्या दुरुस्तीने ते बंद झाले. आता हौस म्हणून वन्यप्राण्याची शिकार हा सरळ गुन्हा आहे. नुसता नेम धरून झाडलेली आणि चुकलेली गोळीसुद्धा त्यात येते, कारण प्रयत्न हीदेखील शिकारच मानली जाते. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात.

‘आमच्याकडे गावच्या बंदुकीचा परवाना आहे’ असं सांगणारे भेटतात. असेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या आणि बाराबोर बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. पण तो परवाना 1959च्या शस्त्र कायद्याखालचा, म्हणजे बंदूक बाळगण्याचा. डुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. पिकाचं नुकसान होत असेल तर ती मिळू शकते, पण मटणासाठी नाही. आणि आजोबांची बंदूक नातवाला सातबाऱ्यासारखी वारसाने मिळत नाही. नातवाला स्वतःचा परवाना काढावा लागतो.

उपनगरात राहणाऱ्यांना जी अडचण सर्वांत कमी ठाऊक असते, ती पुढे आहे. वन्यजीव कायद्याचं कलम 34 म्हणतं, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती हवी. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. आता नकाशा काढा. बोरिवली आणि मुलुंड तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन बाजूंना टेकलेले, अंधेरी त्याच टप्प्यात. घाटकोपरच्या पूर्वेला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, 2015 साली जाहीर झालेलं. म्हणजे पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा विचार असेल, तर आपल्या पत्त्याला हे कलम लागू होतं हे आधी धरून चाला. उद्यानात शस्त्र घेऊन शिरणं तर वेगळाच गुन्हा, आणि त्या व्याख्येत बंदुकीबरोबर सुरी, जाळी, फासेही येतात.

‘पण बिबट्या सोसायटीत आला तर?’ जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार कायदा गुन्हा मानत नाही, हे खरं. पण त्याच्या भरवशावर रायफल घेऊन ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. रात्री इमारतींच्या मधोमध झाडलेली गोळी बिबट्याला लागेल की समोरच्या खिडकीत जाईल, याची हमी कोण देणार? अशा वेळी वनविभागाला कळवायचं आणि जमावाला आवरायचं.

‘.315 स्वस्त पडते’ हेही ऐकू येतं. सरकारी कारखान्यातली ही रायफल वर्षानुवर्षं परवानाधारकांची ठरलेली निवड आहे; .303 हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून तिला मागणी. पण तिची गोळी किलोमीटरभर पुढेही माणूस मारू शकते. ती चालवायला सुरक्षित जागा शोधता शोधता बंदुकीपेक्षा भाड्याला जास्त पैसे जातील.

एअरगन म्हणजे खेळणं, हा गैरसमज मात्र सर्वांत घातक. 0.177 इंच म्हणजे 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही; .22 बोअरच्या एअरगनला लागतो. परवाना नाही म्हणून गॅलरीतून कबुतरावर किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यावर छर्रा मारायची मुभा मिळत नाही. 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि छर्र्याने माणसाचा डोळाही जातो. सलीम अलींनी लहानपणी एअरगननेच एक चिमणी पाडली आणि तिची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. पण ते 1908 साल होतं.

मग ज्याला खरोखर नेमबाजी हवी, त्याने काय करावं? काही विकत घेऊ नये, निदान पहिले काही महिने. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, उपनगरांतही दहा मीटरच्या छोट्या रेंज निघाल्या आहेत. तिथे क्लबची रायफल मिळते. कॉलेजात असाल तर एनसीसी त्याहून स्वस्त. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि 2000च्या सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

महागडी जर्मन रायफल घेतली की गुण वाढतात, असं पालकांना वाटतं. ती काही लाखांत जाते. दहा मीटरच्या कागदी लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे आधी चुकते ती उभं राहण्याची पद्धत, श्वास आणि ट्रिगरवरचं बोट. दस्त्याची लांबी आणि गालाला टेकणारी उंची मुलाला जुळते का, हे क्लबच्या रायफलीवर कळतं. वाढत्या वयात तर ते वर्षागणिक बदलतं. सुरुवातीला ओपन साइट गटातही उतरता येतं. स्प्रिंगची नळीमोड रायफल घेतलीच तर छर्रा न भरता रिकामी झाडू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो. घरी होल्डिंगचा सराव मात्र फुकट: मुलुंडच्या वन बीएचकेत दहा मीटर कुठून येणार, पण समोरच्या भिंतीवर छोटा काळा ठिपका काढून त्यावर नेम स्थिर धरायला हॉल पुरतो.