माळ्यावरची चार बोटे माती

वैशाखातल्या भर दुपारी पेणमधल्या एका जुन्या कौलारू घराच्या माजघरात स्नेह्यांचे वृद्ध वडील, पंखा बंद ठेवून व अंगावर पातळ चादर ओढून, स्वस्थ निजलेले मी पाहिले. आणि त्याच आठवड्यात रोह्याला, धाटावच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या त्यांच्या धाकट्या चिरंजीवांच्या नव्या दुमजली बंगल्यात, वातानुकूलन यंत्र घरघरत असतानाही वरची मंडळी रात्री अकरा वाजता उशा-गाद्या काखोटीस मारून जिना उतरताना पाहिली. एकाच कुटुंबाच्या या दोन वास्तूंत उष्म्याचा बंदोबस्त इतका निराळा कसा, या कुतूहलाने पेणच्या घराची कौले चाळायची होती त्या दिवशी मी मुद्दाम तेथे गेलो.

फुटकी कौले काढावीत, शेवाळ खरवडावे, कुजलेली रीप बदलावी आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा रांगा लावाव्यात, एवढेच ते काम. मला गुंतवून ठेवले ते माळ्याने. शिडीवरून डोके वर काढताच तापलेल्या सागाचा, उंदरांचा, सुक्या बोंबलांचा आणि वर्षानुवर्षे साचलेल्या धुळीचा मिश्र दर्प नाकात शिरला, आणि पाठीवर कोणी तापला तवा धरावा तशी वरून धग लागली. कौले चाळणारे दादा साठी उलटलेले गृहस्थ; त्यांनी माळ्याच्या एका कोपऱ्यात, जेथे जमीन उखडून खालच्या फळ्या दिसत होत्या तेथे, हात उभा धरून मातीच्या थराची जाडी मला दाखविली. “चार बोटं माती हाय म्हणून खाली म्हातारा झोपतो,” ते म्हणाले. त्यानंतर दिवसभरात ते ‘चार बोटं’ त्यांनी इतक्यांदा उच्चारले की एखाद्या जुन्या दस्तऐवजातील अटीसारखे ते माझ्या मनात ठसले.

त्यामागचे शास्त्र साधे आहे. कौल पातळ, ते उन्हाने झटकन तापते आणि रात्री तितक्याच झटकन निवते. दोन कौलांमधल्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा सतत बाहेर पडत असते. उरलेली उष्णता खाली उतरू पाहते, तिला तुळयांवरच्या कडीपाटावर पसरलेली माती अडविते. ती इतकी मंदगतीने तापते की आच माजघराच्या छतापर्यंत पोचेतो दिवस कललेला असतो. मात्र या घराने दोन्ही मजले सारखे थंड राखण्याचा प्रयत्नच कधी केलेला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटले. वरचा मजला त्याने खुशाल तापू दिला, आणि त्या तापाचाही उपयोग करून घेतला: कोकणच्या दमट हवेत वाल, बियाणे आणि सुकी मासळी कोरडी राहावी, तर तिला माळ्याइतकी चांगली जागा घरात दुसरी नसते.

रोह्याच्या बंगल्यात नेमक्या त्या माळ्याच्या जागी शयनगृहे आली आहेत. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवितो आणि माणसे निजायला जातात त्याच सुमारास ते खाली सोडू लागतो. उघड्या जिन्यातून खालची उष्ण हवा वर चढते आणि यंत्राने महागात थंड केलेली जड हवा त्याच जिन्याने खाली ओघळते, म्हणजे वरच्या यंत्राचे बिल भरायचे आणि गारवा दिवाणखान्यातल्या सोफ्याने उपभोगायचा! त्यात हा मुलूखच कडक. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्याला 2017 च्या मार्चअखेरीस 46.5 अंश तपमान नोंदले गेले होते. त्या आकड्याविषयी पुढे शंका निघाल्या, पण रोह्यात त्या बंगल्याच्या वरच्या खोलीत बसणाऱ्याला तो अविश्वसनीय वाटणार नाही.

कौलांची बाजू घेताना त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी दप्तरदाखल न करणे अन्यायाचे होईल. माकडांचा उपद्रव इतका की एका उडीत पाच-सहा कौले फुटतात. चाळणारा माणूस मिळता मिळत नाही. आणि दादांचा स्वतःचा मुलगा, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, हे काम करीत नाही, पत्रे ठोकतो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर किनारपट्टीवर पसरलेल्या चपट्या कौलांनी नळीच्या कौलांना हटविले. आता पत्रा त्यांना हटवितो आहे, आणि पत्र्याखाली माती घालण्याचा खटाटोप कोणी करीत नाही.

संध्याकाळी रोह्याचे चिरंजीव आले, तेव्हा त्यांनी स्लॅबवर अशीच माती पसरण्याची कल्पना काढली. दादांनी ती तत्काळ फेटाळली. पहिल्याच पावसात चिखल होईल, ओलही धरेल. त्यापेक्षा गच्चीला पांढरा चुना मारावा, जिन्याच्या तोंडाशी दार बसवावे, आणि जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीची खिडकी रात्री उघडी टाकावी.

“आणि दुपारी वर बसू नका.”

“मग वरचा मजला बांधला कशाला?”

“ते तुमच्या इंजिनेराला विचारा,” दादा म्हणाले, आणि दिवसाच्या मजुरीतून दुपारच्या जेवणाचे पैसे कापायचे की नाहीत, या अधिक निकडीच्या वाटाघाटीकडे वळले.