ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण

दिवाळीच्या तोंडावर डिचोली तालुक्यातलं सरदी भात कापणीला आलेलं असतं आणि नेमक्या त्याच रात्रींत रानडुकरं शेतात उतरतात. लाटंबार्से, मेणकुरे, अडवलपाल, साळ अशा डोंगरालगतच्या गावांत हे दर वर्षीचंच आहे. डुकरांचा कळप खातो थोडं आणि लोळवतो फार. भात झालं की कणगी, सुरण, मग कुळागरातली केळी. माकडं कोवळे नारळ पाडतात, गवे मेर तुडवून जातात. वर्षभर राबलेल्या माणसाने रात्री माळ्यावर बसून राखण करायची, डबे वाजवायचे, फटाके लावायचे, आणि तरीही सकाळी अर्धा कुणगा आडवा झालेला पाहायचा. हे दुःख ज्याने पाहिलं आहे तो शेतकऱ्याच्या बंदुकीबद्दल हलक्याने बोलणार नाही.

ती बंदूक बहुधा ठासणीची असते. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, वर शिसं, मागे निपलावर केप, आणि घोडा पडला की बार. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. तेवढ्याने भागत नसेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आजोबांची बंदूक आणि तिचा परवाना नातवाच्या नावावर करून घेतलेली घरं आपल्याकडे आहेत. अशा नातवांपैकी एखादा मोबाईलवर परदेशातले शिकारीचे व्हिडिओ पाहतो आणि विचारतो, की या बंदुकीवर स्कोप बसवला तर? कोणता घ्यावा?

प्रश्न रास्त आहे. पण आधी कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज हौसेची शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचं तर 11 व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, शिवाय गोव्याचा राज्यप्राणी. त्याने शेत तुडवलं म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळतच नाही. आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता ठरतं, ते घरी नेता येत नाही. केरळने 2022 मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना अशी परवानगी देण्याचे अधिकार दिले. गोव्यातल्या शेतकऱ्यालाही इतकी जवळची आणि झटपट वाट मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. बंदूक चांगली असून उपयोग काय, परवानगीचा कागद येईपर्यंत शेत संपलेलं असेल तर?

आता स्कोपकडे. ज्याच्याकडे जुन्या पद्धतीची, बाजूला घोडा असलेली, गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक आहे, त्याने स्कोप घेऊ नये. कारण नळीत आहे. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो, तो गोळीला फिरकी देतो, म्हणून ती सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेला शिशाचा गोल कुठे वळेल याचा भरवसा पन्नास मीटरच्या पुढे राहत नाही, छर्रे तर त्याच्याही आधी पांगतात. स्कोप लांबचं जवळ दाखवतो, गोळीला मात्र तो सरळ करत नाही. डुक्कर ऐंशी मीटरवर स्पष्ट दिसलं की चाप ओढण्याचा मोह होतो, आणि मग जखमी डुक्कर रानात जातं. जखमी डुक्कर काय करतं हे आपल्या गावांत कुणाला सांगायला नको.

दुसरी अडचण बसवण्याची. या बंदुकांच्या नळीवर स्कोपचा पाया बसवायला भोकं किंवा खाच नसते. नळीला भोक पाडणं म्हणजे दाब सहन करणाऱ्या भिंतीला हात लावणं. जुन्या, आतून गंजलेल्या नळीशी असा खेळ करू नये. शिवाय केप फुटताना ज्वाला आणि तांब्याचे तुकडे उडतात ते बरोबर डोळ्याकडच्या भिंगाच्या बाजूला.

इतिहासात मात्र ठासणीच्या बंदुकीवर दुर्बिणी बसल्या, आणि त्यातला एक धागा आपल्या बाजूचा आहे. 1840 च्या दशकात अमेरिकेत मॉर्गन जेम्ससारखे कारागीर नळीइतक्या लांब दुर्बिणी रायफलींवर बसवत होते. पुढे इंग्लंडच्या व्हिटवर्थ रायफलीवर जी दुर्बीण बसवली जाई, ती डेव्हिडसन या मुंबई फौजेतल्या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. व्हिटवर्थची नळी आतून षट्कोनी होती, तिला पीळ होता, म्हणून दुर्बिणीला अर्थ होता. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली.

आज परदेशात ज्या ठासणीच्या रायफलींवर स्कोप दिसतात त्या याच वंशातल्या. 1985 मध्ये टोनी नाइटने आणलेल्या एमके-85 या रायफलीनंतर केप थेट नळीच्या मागे, सरळ रेषेत असलेल्या रचनेचा प्रसार झाला. नळीला पीळ आणि वर स्कोपसाठी तयार भोकं. तिथेही सगळीकडे मुभा नाही. कोलोरॅडोत ठासणीच्या खास हंगामात स्कोप चालत नाही, उघडी माशीच वापरावी लागते. ठासणीचा हंगाम वेगळा ठेवला तो जवळ जाऊन, एकाच बारात काम करण्यासाठी, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

परदेशी राहणाऱ्या, तिथल्या परवान्याने शिकारीला जाणाऱ्या आपल्या माणसांनी अशा रायफलीसाठी स्कोप घेताना पहिल्यांदा डोळा आणि भिंग यांतलं अंतर पाहावं. जड गोळी आणि भरपूर दारू यांमुळे धक्का मोठा असतो. साध्या स्कोपमध्ये हे अंतर तीन-साडेतीन इंच असतं. चार इंच किंवा जास्त असेल तर भुवई फुटत नाही. मग वाढ. दुकानदार मोठे आकडे पुढे करतो, पण रानात दोन ते सात पट पुरे, दाट झाडीत एक ते चार पट त्याहून बरी. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वाढ, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. 40 मिलिमीटरचं भिंग आणि चार पट वाढ असेल तर झोत 10 मिलिमीटरचा, नऊ पट केली की साडेचारचाही उरत नाही. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, साठीनंतर पाच किंवा कमी. म्हणजे संधिप्रकाशात वाढ कमी करणं हाच उजेड वाढवण्याचा फुकट उपाय. पन्नास मिलिमीटरच्या जाड भिंगावर पैसे घालू नयेत. ते उंच बसवावं लागतं आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा सरकला की नेमाची खूणही निशाणावरून सरकल्यासारखी दिसते त्याची, धास्तीही घेऊ नये. शंभर यार्डांना जुळवलेल्या 40 मिलिमीटरच्या स्कोपमधून पन्नास यार्डांवर पाहताना डोळा अगदी कडेला गेला तरी चूक एक सेंटीमीटरच्या आसपास. नेम जुळवताना मात्र एक गोष्ट विसरली जाते. बहुतेक स्कोपच्या एका टिचकीने शंभर यार्डांवर पाव इंच सरक होते, पन्नासावर त्याच्या निम्मी. म्हणून पन्नास यार्डांवर एक इंच हलवायला आठ टिचक्या लागतात. शंभर यार्डांना जुळवलेली अशी गोळी दोनशेवर दीड फुटाच्या आसपास खाली पडते, तेव्हा स्कोपमधल्या खालच्या रेघा प्रत्यक्ष बार करून तपासल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये.

काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजनाचा घन राख-मळ उरतो, आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. नळी गरम पाण्याने धुवावी लागते हे सगळे जाणतात, पण तोच मळ स्कोपच्या कड्यांवर, स्क्रूंवर, भिंगावर बसतो. भिंग आधी फुंकून, मग ब्रशने, शेवटी मऊ कापडाने. उलटं केलं तर तोच मळ भिंग खरवडतो. आत नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप घ्यावा.

डिचोलीच्या शेतकऱ्याने तेच पैसे हातातल्या दुर्बिणीवर घालावेत, आठ पट वाढ आणि 42 मिलिमीटर भिंगाची. स्कोपमधून पाहायचं म्हणजे भरलेली नळी त्या दिशेला रोखायची. झाडीत हललेलं डुक्कर आहे की शेजारच्या बांधावर राखणीला बसलेला माणूस, हे बंदूक रोखून पाहू नये. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात, आणि त्या प्रत्येक बातमीमागे एक घर उद्ध्वस्त झालेलं असतं. दुर्बिणीने आधी ओळख पटवावी. माशीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला तर संध्याकाळी नेम दिसतो, त्याला काही खर्च येत नाही.

पावसाळ्यात दुर्बीण लाकडी कपाटात ठेवली की भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती लेपच खाऊन टाकते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, पुड्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा वापराव्यात. चामड्याच्या पिशवीत कधी ठेवू नये, ती ओल धरते. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत आली की नळी आतून पाहावी, गज खाली टेकेपर्यंत घालून आत जुना बार राहिला नाही ना हे तपासावं, आणि मगच ती पुन्हा भरावी.